चार्टवरची रिकामी चौकट

परिचारिकांच्या प्रशिक्षणवर्गात चहाची सुट्टी झाली की दोन प्रश्न माझ्याकडे हमखास येतात, आणि तेही हळू आवाजात. पहिला असा : "मॅडम, औषध वॉर्डात नव्हतंच, तर चार्टवर काय लिहायचं?" आणि दुसरा : "डोस चुकला, पण पेशंटला काही झालं नाही. तरी सांगायलाच हवं का?" वर्ग चालू असताना हे कुणी विचारत नाही. विचारलं तर आपल्याच वॉर्डाची गोष्ट चारचौघांत येईल, ही धास्ती असते. ती मी समजू शकते, कारण तीस वर्षं वॉर्डात काढताना ती मलाही होती.

औषध कसं द्यायचं हे आपल्याला तीन वर्षं शिकवतात. न दिलेलं औषध कसं लिहायचं आणि चुकीचं गेलेलं कसं सांगायचं, हे मात्र ज्याने त्याने आपापल्या इन्चार्ज सिस्टरकडे बघून उचललेलं असतं. म्हणून हा लेख. तुमच्या रुग्णालयाचं लेखी धोरण असेल तर पहिला मान त्याचा. ते धोरण मेट्रन ऑफिसच्या कपाटात असेल आणि तुम्ही कधी पाहिलं नसेल, तर आज मागून घ्या.

आधी चूक आणि अडचण वेगळी करा

चुकीचं औषध, चुकीचा रुग्ण, चुकीचं प्रमाण, चुकीचा मार्ग, चुकीची वेळ. या चुका सगळ्यांना पाठ असतात. पण ठरलेला डोस न जाणं हीसुद्धा चूकच असते, आणि तिचा आवाज होत नाही म्हणून ती चालून जाते.

स्टोअरला औषध नसणं ही तुमची चूक नाही. ते नाही हे डॉक्टरांना वेळेत न कळवणं ही मात्र तुमच्या नावावर जमा होते. चौकशीच्या वेळी बहुतेक सिस्टर "साठाच नव्हता" एवढंच सांगतात आणि समोरचा विचारतो, "मग तुम्ही कुणाला सांगितलंत?" त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर असलं पाहिजे.

तिसरा प्रकार वाचलेल्या चुकीचा. सिरिंज भरली, खाटेशी गेलात, नाव विचारलं आणि हात थांबला. याचीही नोंद व्हायला हवी. त्याकडे पुढे येते.

चूक लक्षात आली : पहिली पंधरा मिनिटं

* थांबवा. ड्रिपमधून जात असेल तर क्लॅम्प बंद करा, पण कॅन्युला काढू नका. पुढच्या अर्ध्या तासात शीर लागणार आहे. सेट बदला; नळीत उरलेलं औषध तसंच ठेवून साधं सलाईन सोडलंत तर तेही आत ढकललं जातं.
* रुग्णाकडे बघा. शुद्ध, श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन. इन्सुलिन असेल तर खाटेवरच ग्लुकोमीटर. कागद नंतर.
* डॉक्टरांना फोन करा. रुग्णाजवळून हलू नका, फोन दुसऱ्या सिस्टरला लावायला सांगा.
* रिकामी व्हायल, अँप्युल, सिरिंज जपून ठेवा. पिशवीत घालून नाव-वेळ लिहा. घाबरून ती कचऱ्यात टाकली की नेमकं काय आणि किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि उपचार त्यावरच ठरतात.
* इन्चार्जला कळवा. रात्र असेल तर ड्युटीवरच्या सहाय्यक अधिसेविकांना.

उतारा स्वतःच्या मनाने देऊ नका, पण हाताशी आणून ठेवा. मॅग्नेशियम सल्फेट जास्त गेलं असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट, मॉर्फिन किंवा फेंटानिल असेल तर नॅलॉक्सोन, हेपॅरिन असेल तर प्रोटामिन, इन्सुलिन असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज. तुमच्या विभागात लेखी स्थायी आदेश असेल, जसा लेबर रूममध्ये मॅग्नेशियम सल्फेटसाठी बहुधा असतो, तर त्यानुसार वागा.

फोनवर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा. "सर, जरा इकडे या ना, एक प्रॉब्लेम झालाय" असं सांगितलं की सर वीस मिनिटांनी येतात. असं सांगा : "बेड १२. साधं इन्सुलिन ६ युनिट लिहिलं होतं, १६ गेलंय, ९ वाजून १० मिनिटांनी. शुद्धीवर आहे, नाडी ८८, साखर १४२. जेवण अजून झालेलं नाही. आदेश सांगा, मी लिहून घेते आणि परत वाचून दाखवते." त्यांनी फोन उचलला नाही तर रजिस्ट्रार, मग युनिटप्रमुख, मग सीएमओ. प्रत्येक फोनची वेळ लिहा, न उचललेल्या फोनचीही.

आणि एक तासाने साखर बरी आली म्हणून निवांत होऊ नका. साध्या इन्सुलिनचा जोर दोन ते चार तासांनी येतो. नऊची चूक अकरा ते एकच्या दरम्यान दगा देते, आणि नेमका तेव्हाच वॉर्डातला दिवा मंद केलेला असतो.

केस पेपरवर काय लिहायचं, काय नाही

केस पेपर इंग्रजीत असो की मराठीत, नियम तेच. जे घडलं, जे दिसलं, जे केलं तेवढंच. कारणांची चर्चा तिथे नको.

असं लिहिलं जातं : "चुकून जास्त डोस गेला. डॉक्टरांना कळवले. पेशंट ठीक."

यातून पुढच्या सिस्टरला काही कळत नाही आणि वर्षभरानंतर तुम्हालाही आठवत नाही. असं लिहा :

"रात्री ९.१० : रेग्युलर इन्सुलिन, आदेश ६ युनिट, प्रत्यक्ष दिले १६ युनिट, त्वचेखाली. ९.२० ला लक्षात आले. शुद्धीवर, घाम नाही, नाडी ८८, बीपी १३०/८०, साखर १४२. ९.२२ निवासी डॉक्टरांना (नाव) फोनवर कळवले. तोंडी आदेश : जेवण लगेच देणे, दर ३० मिनिटांनी साखर, २५ टक्के डेक्स्ट्रोज खाटेजवळ. आदेश परत वाचून दाखवला. ९.३० जेवण दिले. ९.५२ साखर १२८."

काही गोष्टी कटाक्षाने पाळा :

* व्हाइटनर नको, खाडाखोड नको, पान फाडणं तर नकोच. चुकीच्या शब्दावर एक रेघ, ती खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही आणि वेळ.
* नंतर आठवलं तर "उशिरा केलेली नोंद" असं लिहून आजची तारीख-वेळ टाका. जुन्या ओळींमध्ये बारीक अक्षरात कोंबू नका.
* "फार्मसीने चुकीचं पाठवलं", "डॉक्टरांचं अक्षर लागत नाही" हे केस पेपरवर नाही. ते इन्सिडेंट रिपोर्टमध्ये.
* दुसरीच्या वतीने सही करू नका, आणि तुमच्या वतीने करू देऊ नका.
* संगणकावर चार्ट असेल तर आधी क्लिक करून नंतर औषध देण्याची सवय सोडा. कोणती नोंद केव्हा केली, केव्हा बदलली, हे ती यंत्रणा साठवून ठेवते.

इन्सिडेंट रिपोर्ट कशासाठी भरायचा

केस पेपर रुग्णासाठी असतो, इन्सिडेंट रिपोर्ट व्यवस्थेसाठी. म्हणून त्यात कारणं लिहा, मोकळेपणाने लिहा. दोन सारख्या दिसणाऱ्या व्हायल एकाच ट्रेमध्ये होत्या, तीस रुग्णांना एकच सिस्टर होती, औषध काढताना तीन वेळा फोन वाजला. वाचलेली चूकही इथेच लिहा. उद्या कुणा दुसऱ्या सिस्टरचा हात थांबेलच असं नाही.

एनएबीएच मानांकन असलेल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका आणि वाचलेल्या चुका गोळा करून त्यांचं विश्लेषण करणं बंधनकारक आहे. त्यामुळे तिथे "आमच्याकडे एकही चूक नाही" असा महिन्याचा अहवाल मी अभिमानाने बघत नाही. तिथे चुका लपतात, एवढंच त्यातून दिसतं.

औषध बरोबर देऊनही अंगावर गांधी आल्या, श्वास लागला, बीपी पडलं, तर ती चूक नसून औषधाची प्रतिक्रिया असू शकते. ती कळवायला भारतीय औषधदक्षता कार्यक्रम आहे. २०१० साली तो सुरू झाला आणि गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो. डॉक्टरच कळवू शकतात हा गैरसमज आहे. परिचारिकाही त्यासाठीचा फॉर्म भरू शकतात. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. कळवणाऱ्याचं नाव गोपनीय ठेवलं जातं.

रुग्णाला सांगायचं का?

हो. पण एकट्याने, घाईत, स्ट्रेचर ढकलता ढकलता नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि इन्चार्ज सोबत असावेत. काय झालं, आता काय करतोय, किती वेळ लक्ष ठेवणार, एवढं साध्या शब्दांत. "काळजी करू नका, काही नाही" हे वाक्य टाळा. घरच्या माणसाला ग्लुकोमीटर चौथ्यांदा आलेलं दिसतं आणि काहीतरी आहे हे त्याला कळतं. सांगितलं की नाही, कुणी, केव्हा, तेही लिहा.

औषध वॉर्डात नाही : "एनए" लिहून थांबू नका

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. डोक्याला मार लागून आलेला एक तरुण, चोवीस-पंचवीसचा. फेनिटॉइन १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, शिरेतून. साठा संपला. सकाळच्या सिस्टरने चौकटीत "एनए" लिहिलं. दुपारी मी आले, वरची चौकट बघितली आणि खाली "एनए" लिहिलं. रात्रीच्या सिस्टरने माझी बघून तिसरं लिहिलं. तीन हस्ताक्षरं, तीन सह्या, सगळं नीटनेटकं. डॉक्टरांना कुणीच कळवलं नव्हतं, कारण प्रत्येकीला वाटलं, आधीच्या पाळीने कळवलं असेल. पहाटे त्याला झटके सुरू झाले ते लवकर थांबेनात. सकाळी प्रमुख डॉक्टरांनी चार्ट माझ्यासमोर धरला आणि एकच विचारलं : "हे एनए म्हणजे काय?" नॉट अव्हेलेबल, नॉट अ‍ॅप्लिकेबल की नॉट अ‍ॅडमिनिस्टर्ड, तिन्ही अर्थ निघतात. त्या दिवसापासून मी ती दोन अक्षरं लिहिली नाहीत आणि माझ्या वॉर्डात कुणाला लिहू दिली नाहीत.

औषध नाही असं दिसलं की क्रमाने असं करा :

१. शोधा, पण वेळ बांधून शोधा. रुग्णाच्या खाटेजवळचा कप्पा, वॉर्डाचा फ्रिज, फार्मसी, शेजारचा वॉर्ड. सरकारी रुग्णालयात ई-औषधीवर साठा दिसत असेल तर फार्मासिस्टला बघायला सांगा. साध्या औषधासाठी अर्धा तास ठीक, पण झटक्याच्या औषधासाठी दहा मिनिटं. तेवढ्यात मिळालं नाही तर शोध दुसऱ्यावर सोपवून फोन उचला.

२. शेवटचा डोस केव्हा गेला ते बघा. डॉक्टरांना पहिली हवी असलेली माहिती ही.

३. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. किती उशीर चालेल? बदली कोणतं औषध? तोवर रुग्णात काय बघत राहू?

४. बदली औषधाचा आदेश लेखी घ्या. तोंडी असेल तर परत वाचून दाखवा आणि रुग्णालयाने ठरवलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी २४ तासांत, सही घ्या.

५. लिहा. चार्टवरच्या वेळेभोवती गोल करून सही, आणि नोट्समध्ये पूर्ण नोंद.

ती नोंद अशी : "दुपारी २.०० : फेनिटॉइन १०० मिग्रॅ दिले नाही. वॉर्ड साठ्यात नाही. २.०५ फार्मसी (बोलणाऱ्याचे नाव), २.१० शेजारचा वॉर्ड : शिल्लक नाही. शेवटचा डोस सकाळी ६.००. २.१५ डॉक्टरांना (नाव) कळवले. आदेश : लेव्हेटिरासिटॅम ५०० मिग्रॅ शिरेतून; लेखी आदेश २.३०. दिले २.४०. झटका नाही, शुद्ध पूर्वीसारखी. इन्चार्जना कळवले, तातडीचा इंडेंट २.५० ला पाठवला."

हे लिहायला चार मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलं आहे. त्या तरुणासाठी ही चार मिनिटं कुणीच काढली नव्हती.

कोणती औषधं अजिबात थांबत नाहीत

सकाळची व्हिटॅमिनची गोळी दुपारी गेली तर फरक पडत नाही. पण काही औषधांची यादी नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर हवी, म्हणजे रात्रीच्या नव्या मुलीलाही कळेल की हे नाही म्हणजे लगेच फोन :

* झटक्यांची औषधं, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं
* सेप्सिसच्या रुग्णाचा अँटिबायोटिकचा पहिला डोस
* पार्किन्सनच्या रुग्णाची लेव्होडोपा; वेळ चुकली की माणूस ताठरतो
* अवयव प्रत्यारोपण झालेल्यांची औषधं
* सर्पदंशावरचं प्रतिविष. नसेल तर कुठे पाठवायचं ते त्याच मिनिटाला ठरवायचं
* आरएच निगेटिव्ह आईचं अँटी-डी, ७२ तासांच्या आत
* सुई टोचल्यावरची एचआयव्ही प्रतिबंधक औषधं, शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत. ही तुमच्यासाठीही लागतात
* हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, १२ तासांच्या आत

"बाहेरून आणा" म्हणताना

आपल्याकडे औषध नसलं की चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात जाते. इथे चूक शिरायला मोठी फट असते, आणि ती किती महाग पडते हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ सालच्या स्प्रिंग मेडोज निकालात दिसतं. दिल्लीतल्या रुग्णालयात टायफॉइडचा उपचार घेणारं एक मूल. परिचारिकेने वडिलांना इंजेक्शन आणायला सांगितलं, त्यांनी ते आणलं आणि ते शिरेतून दिलं गेलं. ते क्लोरोक्विनचं होतं. मुलाचं हृदय थांबलं, जीव वाचला पण मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेची कुठल्याही नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी नव्हती. रुग्णालयाला जबाबदार धरून मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम झाली.

म्हणून :

* चिठ्ठी डॉक्टरांनीच लिहावी, मोठ्या अक्षरांत, ताकद आणि मार्गासह. तुम्ही कागदाच्या कपट्यावर लिहून देऊ नका, तोंडी नाव सांगू नका.
* आलेलं औषध चिठ्ठीशी नाही, चार्टशी पडताळा. नाव, ताकद, मार्ग, मुदत. शक्य असेल तर दुसऱ्या सिस्टरच्या नजरेखालून घाला.
* इन्सुलिन, ऑक्सिटोसिन, इम्युनोग्लोब्युलिन बर्फातून आलं का ते हात लावून बघा.
* दुकानदाराने "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरं दिलं तर थांबा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतला ६५(११-ए) हा नियम अनुसूची एच आणि एक्सच्या औषधांत, घटक तोच असला तरी, लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं द्यायला मनाई करतो. फार्मासिस्टला जे करता येत नाही ते तुम्हाला नक्कीच करता येत नाही. डॉक्टरांना विचारा, आदेश बदलून घ्या.
* नोंदीत लिहा : नातेवाइकांनी आणले, बॅच क्रमांक, किती आणले, किती वापरले. उरलेलं परत करा आणि परत केल्याचं लिहा.

इन्सुलिनचा एक वेगळा सापळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक व्हायल ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या, आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. नातेवाईक दुकानातून नारिंगी टोपीची, १०० युनिटची सिरिंज घेऊन येतात. त्या सिरिंजवर १० च्या खुणेपर्यंत भरलंत तर प्रत्यक्षात ४ युनिटच जातात. उलट, १०० युनिटचं औषध लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत घेतलंत तर २५ जातात. हेपॅरिनचंही तसंच. पाच मिलिलिटरची व्हायल दिसायला एकसारखी, पण एकीत ५,००० युनिट असतात आणि दुसरीत २५,०००. वॉर्डातली नेहमीची व्हायल संपून बाहेरची येते, तेव्हाच हा गोंधळ होतो. ओळखीचा डबा नसला की लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा.

खर्चाची गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण "आणतो" म्हणून गेलेला नातेवाईक अनेकदा पैसे नाहीत म्हणून परत येत नाही, आणि डोस राहतो. रुग्ण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल असेल तर त्या उपचाराची औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात, आरोग्यमित्राला बोलवा. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे पाठवा. खासगी रुग्णालयात "आमच्याच मेडिकलमधून घ्या" अशी सक्ती करता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत औषध कुठून घ्यायचं ते निवडण्याचा हक्क आहे. नातेवाईक तासाभरात आला नाही तर ते औषध "मिळालं नाही" असंच धरा आणि डॉक्टरांना पुन्हा फोन करा.

उसनं औषध

बेड सातचं औषध बेड नऊला, "उद्या परत ठेवू". हे सर्रास चालतं आणि जीव वाचवण्यासाठी कधी करावंही लागतं. पण सातच्या घरच्यांनी ते पैसे मोजून आणलेलं असतं, आणि उद्या ते परत ठेवायला तुमची ड्युटी नसते. उसनं घ्यायचंच तर वॉर्डाच्या साठ्यातून, वहीत लिहून, दोघींच्या सहीने. मॉर्फिन, फेंटानिल, केटामिन यांचं उसनंपासनं कधीच नाही. त्यांचा हिशेब अँप्युलमागे द्यावा लागतो, फुटलेल्या अँप्युलचासुद्धा.

साठा पुन्हा पुन्हा संपत असेल

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तारीख, औषध, किती रुग्णांचे किती डोस राहिले, एवढा तक्ता करून अधिसेविकांना लेखी द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. इंडेंटची दुसरी प्रत वॉर्डात ठेवा. पुढे चौकशी झाली तर हे दोन कागद तुमच्या बाजूने बोलतात.

चौकशी आली तर तुमचे हक्क

* अस्पष्ट आदेश थांबवण्याचा. अक्षर लागत नाही, प्रमाण विचित्र वाटतं, तर औषध थांबवून विचारणं हे तुमचं काम आहे. विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते लिहा.
* वेळ मागण्याचा. रात्रभर ड्युटी करून सकाळी आठला समोर कागद ठेवून "लिहून द्या, मला चूक मान्य आहे" असं सांगितलं जातं. तेवढ्यावर सही करू नका. घटनाक्रम तुमच्या नोंदींवरून लिहा, तारीख घाला, प्रत घ्या. खरं लपवू नका आणि जे तुम्ही केलं नाही ते अंगावर घेऊ नका.
* शासकीय सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ लागू होतात. मोठ्या शिक्षेआधी दोषारोपपत्र, उत्तराची संधी आणि रीतसर चौकशी व्हावीच लागते. आपली बाजू मांडायला दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याची मदत घेता येते. निकालावर अपील आहे.
* भरपाईचा दावा आल्यास कर्मचाऱ्याच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयावरही येते, हे वरच्या स्प्रिंग मेडोज निकालात स्पष्ट आहे. सगळा भार एकट्या परिचारिकेवर ढकलला जात असेल तर गप्प बसू नका.
* पोलीस प्रकरण झाल्यास जबाब देण्याआधी वकिलाशी आणि संघटनेशी बोला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना तसं घडल्यास दोन वर्षांपर्यंतची जी कमी शिक्षा ठेवली आहे ती नोंदणीकृत डॉक्टरांपुरती. त्या व्याख्येत परिचारिका नाहीत. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्या संघटनांनी तो लावून धरायला हवा.
* महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. नूतनीकरण राहिलं असेल तर चूक झाली नसली तरी तुमची बाजू लंगडी पडते.

ओव्हर देताना

खाटेशी उभं राहून द्या, काउंटरवरून नाही. चार्ट उघडा, गोल केलेल्या प्रत्येक वेळेवर बोट ठेवा. "औषध नव्हतं" एवढं सांगून पुढच्या खाटेकडे वळू नका. काय राहिलं, डॉक्टरांना कुणी केव्हा सांगितलं, बदली काय सुरू आहे, औषध आणायला कोण गेलंय आणि किती वाजेपर्यंत वाट बघायची, हे पाच मुद्दे सांगा. घेणाऱ्या सिस्टरने ते आपल्या तोंडाने परत म्हणावेत. डॉक्टरांना कळवलेलं नसेल तर तेही स्पष्ट सांगा, आणि तो फोन दोघी मिळून, ड्युटी सुटण्याआधी करा.